खुल्या पाण्याची धास्ती आणि पहिली ट्रायथलॉन

प्रश्न : मी पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवले आहे : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. तरणतलावात मी सहज पोहतो, परंतु खुल्या पाण्याची भीती वाटते. काय करावे?

उत्तर : आपली भीती रास्त आहे. खुल्या पाण्यात तळाची रेषा नसते, टेकायला कठडा नसतो आणि आजूबाजूच्या स्पर्धकांचे हातपाय लागतात. शिवाय थंड पाण्यात शिरताच श्वास अनावर होतो, म्हणून आरंभी मिनिटभर संथ पोहून उच्छ्वास पाण्यातच पूर्ण सोडावा. दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) पाहण्याची सवय तरणतलावातच लावून घ्यावी, अन्यथा दिशा चुकून अंतर नकळत वाढते. खुल्या पाण्यातील सराव मात्र कधीही एकट्याने करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. दम लागल्यास पाठीवर उताणे व्हावे. त्यात कमीपणा नाही.

सायकलवरून उतरल्यावर पाय जड होतात, त्यासाठी आठवड्यातून एकदा सायकलीपाठोपाठ दहा मिनिटे धावावे. सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा. हा नियम घाईत हमखास विसरला जातो.