घोडा मागून झोकांड्या खातो, रक्तातून कारण कळेल का?

प्रश्न (रामटेक तालुक्यातील पशुपालक): आमचा तीन वर्षांचा घोडा महिनाभरापासून मागच्या पायांनी झोकांड्या खातो. चारा नीट खातो, ताप नाही. परदेशात रक्त तपासून मेंदू-मणक्याचा आजार ओळखतात, असं मोबाइलवर पाहिलं. ती तपासणी करावी का?

उत्तर: पाहिलंत ते खरं आहे, पण अर्धंच. मज्जातंतूंच्या लांब धाग्यांना आतून आधार देणारं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन असतं. धागे तुटू लागले की ते मणक्यातल्या पाण्यात आणि तिथून रक्तात उतरतं. त्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं तर इजा झाली आहे एवढं समजतं, कशामुळे ते नाही. आणि प्रमाण नेहमीइतकं आलं म्हणून घोडा निर्दोष ठरत नाही. जीवनसत्त्व ई कमी पडून मज्जारज्जू झिजतो, त्या आजारात बऱ्याच घोड्यांचा आकडा साधाच येतो. त्या आजाराचं पक्कं निदान आजही मेल्यानंतरच होतं. आधी उपचार असलेले आजार शोधू.

माझा पहिला संशय कुमरीवर, म्हणजे जंतामुळे मागचा भाग लुळा पडण्याच्या आजारावर आहे. गाई-बैलांच्या पोटात सेटारिया नावाचा जंत असतो. तिथे तो फारसा त्रास देत नाही. डास त्याच्या अळ्या घोड्यात सोडतात आणि त्या वाट चुकून मज्जारज्जूत शिरतात. तुमच्याकडे धानाच्या बांध्या, शेजारी गोठा आणि पावसाळ्यातले डास, म्हणजे सगळं जुळतं. जिवंत घोड्यात कुमरी पक्की सांगणारी खात्रीची रक्ततपासणी नाही. लक्षणं पाहून आणि बाकीचे आजार वगळूनच डॉक्टर ठरवतात. जंताचं औषध लवकर दिलं तरच काही आशा असते, तेव्हा वाट पाहू नका. मात्रा स्वतः ठरवू नका.

दुसरा संशय सर्राचा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराचा. तो परजीवी रक्ताच्या ताज्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, पण तो अधूनमधून रक्तातून दिसेनासा होतो. एकदा नाही सापडला म्हणून सर्रा नाही असं धरू नका. ताप चढलेला असताना पुन्हा रक्त घ्यायला सांगा.

जीवनसत्त्व ई-साठी रक्त घ्यायचं तर पूरक औषध सुरू करण्याआधीच घ्या, नाहीतर आकडा फसवा येतो. नळीला चांदीचा कागद गुंडाळून ती थंड ठेवा, उजेडाने हे जीवनसत्त्व खराब होतं. उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या घोड्यात ही कमतरता शक्य आहे. हिरवा चारा, लसूणघास मिळेल तेवढा द्या.

झोकांड्या खाणाऱ्या घोड्याला टेम्पोत चढवून नागपूरला आणू नका, वाटेत पडला तर उठणार नाही. आधी जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी बोलवा. पुढची गरज लागली तर नमुने नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येतील. एक मात्र पाळा: लाळ गळायला लागली, गिळता येईना, किंवा घोडा अचानक पिसाळल्यासारखा वागला तर तोंडात हात घालू नका. रेबीज जिवंत घोड्यात खात्रीने तपासता येत नाही. लाळ जखमेला लागली असेल तर साबणाने धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

प्रश्न (काटोल): बुरशी लागलेला मका बैलांनी खाल्ला, काही झालं नाही. घोड्याला चालेल?

उत्तर: मुळीच नाही. मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळवतं. गुरं ते बऱ्यापैकी सहन करतात. नंतर उपाय चालत नाही. वरून स्वच्छ दिसणारा दाणाही त्याच ढिगातला असेल तर घालू नका.