ॲम्बियंट गिटारसाठी आधी डिले घ्यावा, रिव्हर्ब घ्यावा, की पैसे साठवून थेट बिगस्काय?

तुमच्याकडे साधी इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अँप आहे, धुक्यासारखे लांबत जाणारे आवाज हवेत आणि पहिलं पेडल ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. डिले वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवतो, रिव्हर्ब त्याला मोठ्या दालनासारखं घुमवतो, आणि बिगस्काय म्हणजे स्ट्रायमनचं महागडं रिव्हर्ब पेडल. माझं मत: आधी डिले घ्या, आणि तोही ॲनालॉग.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आत्याचा मिरजेचा तंबोरा होता. रियाझाआधी ती जवारीचा दोरा सरकवत बसायची, मनासारखा गुंजारव मिळेपर्यंत. तारा चार, पण ऐकू यायचा एकच अखंड नाद, कारण एक तार विझायच्या आत दुसरी तिच्यात मिसळलेली असायची. गिटारवर आपल्याला हेच हवं असतं.

एमएक्सआर कार्बन कॉपी हा ॲनालॉग डिले घ्या उदाहरणाला. त्यात बकेट ब्रिगेड चिप असते. आग विझवताना बादल्या हातोहात पुढे जातात, तसा सिग्नल एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतो. या प्रवासात वरच्या फ्रिक्वेन्सी झडत जातात, म्हणून प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा मऊ येते. जुने सूर खाली थरासारखे बसतात, नवा सूर वर स्वच्छ राहतो. बॉस डीडी-८ या डिजिटल डिलेच्या स्टँडर्ड मोडमध्ये पुनरावृत्त्या लख्ख येतात; तालात वाजवायला उत्तम, पण थर रचायला गेलात की गर्दी होते.

तरी डीडी-८ ला कमी लेखू नका. कार्बन कॉपी ६०० मिलिसेकंदांवर थांबतो, हा १० सेकंदांपर्यंत जातो. ॲनालॉग, शिमर (त्याबद्दल पुढे), रिव्हर्बसह डिले, लूप असे मोडही त्यात आहेत. पुढची काही वर्षं एकच पेडल परवडणार असेल, तर मीही हेच घेईन.

रिव्हर्ब नंतर. बॉस आरव्ही-६ आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचा हॉल ऑफ फेम २, दोन्हींत शिमर आहे. शिमर म्हणजे रिव्हर्बची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमार, एक सप्तक वर चढवून पुन्हा त्याच फेऱ्यात सोडणं. सुरुवातीला भूल पडते, महिन्याभराने सगळं वाजवणं एकाच रंगाचं वाटतं. मी आरव्ही-६ मॉड्युलेटवर, म्हणजे घुमार हलकासा डोलवणाऱ्या मोडवर ठेवतो.

बिगस्कायमधले १२ रिव्हर्ब, त्यातला क्लाउड तर खास, खरंच सुंदर आहेत. पण त्या पैशांत दोन-तीन छोटी पेडलं येतात, आणि त्याला ३०० मिलिअँपिअर करंट लागतो. मी आधी एकाच स्वस्त अडॅप्टरवरून वायरीची माळ करून सगळी पेडलं चालवली. घरघर इतकी की हळू वाजवलेलं काही ऐकूच येईना. प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घेतला आणि थांबली.

व्हॉल्यूम पेडल मात्र पहिल्याच खरेदीत घ्या. ते डिलेच्या आधी लावा. नंतर लावलंत तर शेपटीच कापली जाते. कार्बन कॉपीवर डिले पूर्ण उजवीकडे, मिक्स मध्यावर, रीजन (पुनरावृत्त्या किती वेळा याव्यात ते ठरवणारं बटण) आवाज स्वतःहून फुगायला लागतो त्याच्या जरा अलीकडे. व्हॉल्यूम पेडलवर टाच खाली, पंजा वर, म्हणजे आवाज बंद; खालची ई तार छेडा, मग हळूहळू पंजा दाबत जा. पिकचा टोला जातो, उरतो तो फक्त नाद.