ध्रुवाकडे हिवाळाभर अंधार असतो, मग उपग्रह समुद्रातला बर्फ मोजतो कसा?

भाऊ, नागपूरच्या मे महिन्यात हा प्रश्न सुचला यात नवल नाही! उपग्रह नुसत्या फोटोंवर विसंबून नसतो. प्रत्येक वस्तूतून आपसूक क्षीण सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) निघतात. समुद्री बर्फातून त्या पाण्यापेक्षा बऱ्याच जास्त निघतात आणि अंधार असो की ढग, वर पोचतात. १९७८च्या अखेरीपासून अशीच नोंद चालू आहे. सप्टेंबर २०१२मधला आर्क्टिकच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या, समुद्री बर्फाचा नीचांक, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, त्यातूनच कळला. खरी पंचाईत उन्हाळ्यात होते. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि उपग्रहाला तो उघडा समुद्रच वाटतो. जाडी मोजणं तर आणखी किचकट, कारण पाण्यावर जेमतेम दहावा हिस्सा दिसतो आणि त्यावर पडलेल्या हिमाचाही हिशेब धरावा लागतो.