पांढरा घोडा राखाडी का दिसतो

भाऊ, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतला तुमचा नुकरा, म्हणजे पांढरा, घोडा फोटोत राखाडी दिसतोय, ब्राइटनेस वाढवला की आभाळ पांढरंफटक होतंय आणि फेट्याखालचा मालकाचा चेहरा तरीही काळाच, असं तुम्ही लिहिलंय.

घोडा राखाडी येणं साहजिक आहे. समोरचं सगळं सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चालतं. फ्रेमभर पांढरं दिसलं की ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, कमी करतं. दत्तजयंतीला यात्रेत पुन्हा जाल तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) थोडं प्लसकडे ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना, ते बघा.

आता हातातल्या फोटोचं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर तीच उघडा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगमधलं आभाळ तिन्ही रंगांत २५५ला टेकलं असेल तर हायलाइट्स (उजळ भागांचा स्लाइडर) कितीही ओढा, मिळेल तो नुसता करडा डाग.

ब्राइटनेसला हात लावू नका. आधी हायलाइट्स खाली घेऊन आभाळ सावरा, मग एक्स्पोजर हळूहळू वाढवा. कुठे थांबायचं? नुकऱ्याच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी गुलाबी असते. ती फिकट पडायला लागली की जास्त झालं, मागे या. मला हिस्टोग्रामपेक्षा या खुणेचा भरवसा जास्त वाटतो. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट्सचा स्लाइडर सरकवताना ऑल्ट दाबून धरलंत तर नेमकं काय जळतंय, म्हणजे तपशील जाऊन पांढरंफटक होतंय, तेही दिसतं.

चेहऱ्यासाठी मात्र अख्ख्या फोटोच्या शॅडोज, म्हणजे गडद भाग, उचलू नका. खोगीर, लगाम, घोड्याखालची सावली, सगळं धुरकट होतं आणि दाणे वर येतात. फक्त चेहऱ्यावर मास्क घाला, म्हणजे तेवढाच भाग निवडा, आणि तेवढाच उजळा, तोही बेताने. दुपारच्या उन्हात फेट्याखाली सावली असणारच. शेवटी ब्लॅक्सचा (सगळ्यांत काळ्या भागांचा) स्लाइडर जरासा खाली.

डीहेझचा (धुरकटपणा काढणाऱ्या स्लाइडरचा) मोह आवरा. यात्रेतली धूळ जाते खरी, पण गडद भाग आणखी गडद होतात आणि आत्ताच उजळलेला चेहरा परत बुडतो. शिवाय धुळीशिवाय घोडेबाजार कसला?

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ उघडणारी दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, या कामाला पुरतात. मोबाइलवरच करायचं तर स्नॅपसीड या ॲपमधलं सिलेक्टिव्ह घ्या, चेहऱ्यावर टेकवा आणि बोट उजवीकडे सरकवा.