अमेरिकेतल्या लिटररी एजंटला क्वेरी लेटर कसं लिहायचं?

तुम्ही म्हणताय की इंग्रजी कादंबरी पूर्ण झालीय, १ लाख ६० हजार शब्दांची आहे आणि एजंटला (म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणाऱ्याला) पाठवायचं पत्र, क्वेरी लेटर, दीड पान झालंय, ते कुठे कापू? पत्राचं नंतर बघू. आधी कादंबरी कापा. तिकडे पहिल्या कादंबरीसाठी साधारण ८० हजार ते १ लाख शब्द धरतात, फँटसीला थोडी सूट असते. तुमचा आकडा दिसला की बरेच जण कथानकापर्यंत पोचायचेही नाहीत.

मी स्वतः ४३ पत्रं पाठवली. पहिल्या ११ पत्रांना एकतर ठरावीक साच्यातला नकार आला, नाहीतर काहीच नाही. (उत्तर न येणं हाही तिकडे नकारच समजतात.) आता ते पत्र वाचलं की हसू येतं. मी इंग्रजीत मराठी अर्ज लिहिला होता! शाळेत घोटून घेतलेलं ‘स.न.वि.वि.’ वळण: आधी आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा, मग हा माझा अल्पसा प्रयत्न, मग घरच्यांना आणि मैत्रिणींना फार आवडल्याचा दाखला. आपल्याकडे हे सौजन्य झालं. न्यूयॉर्कच्या एजंटला त्यातून एवढंच कळतं की बाईंनाच पुस्तकाची खात्री दिसत नाही.

त्याहून मोठी चूक पुढच्या परिच्छेदात होती. मी लिहिलं होतं, ‘ही कादंबरी ऊसतोड कामगारांच्या शोषणाचं, स्थलांतराचं आणि स्त्रीच्या घुसमटीचं विदारक चित्रण करते.’ यात विषय तीन आहेत आणि माणूस एकही नाही. असं वाक्य पुरस्काराच्या मानपत्रात शोभतं. बाराव्या पत्रापासून तो परिच्छेद असा झाला (इथे मराठीत देते):

‘धारूरजवळच्या एका मुकादमाची १९ वर्षांची मुलगी, सुनंदा, बापाच्या उचलीच्या वह्या लिहिते. दसऱ्याआधी एका कोयत्यापुढे तिला १ लाखाची नवी उचल दिसते. त्या कोयत्यातला नवरा गेल्या हंगामातच वारलाय. त्याच्या मातीला ती स्वतः गेली होती. पैसे बापाने खाल्ले की विधवेच्या नावावर चढवले, हे टोळीचा ट्रक सुटायच्या आत तिला शोधायचंय. आणि तिच्या लग्नाचं सोनं त्याच आठवड्यात घरात आलंय.’

कोण, काय दिसलं, मुदत किती, आणि खरं कळलं तर तिचं काय जातं, एवढंच. शेवट मुद्दाम सांगितला नाही. शेवट सांगायचा तो सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कथानकाच्या वेगळ्या सारांशात, आणि तिथे मात्र लपवायचा नाही. शब्दांवरही मी बरीच अडले. ‘उचल’ तशीच ठेवली, पुढे अॅडव्हान्स हा शब्द जोडला. पण कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, हे इंग्रजी वाचकाला कसं कळणार? शेवटी तिथे सरळ ‘जोडपं’ केलं. पत्रात वाचकाला अडखळू द्यायचं नसतं, पुस्तकात चालतं.

बाकीचं चार ओळींत आटपा. नाव, प्रकार, शब्दसंख्या. गेल्या तीन ते पाच वर्षांतली तुमच्या पुस्तकाच्या जातकुळीतली दोन पुस्तकं. त्यांत अभिजात किंवा जगभर गाजलेलं नाव नको, कारण त्यातून तुमचा वाचक कोण हे कळत नाही. परिचय दोन वाक्यांचा: मी एम.ए. काढून टाकलं आणि आजोळी उसाच्या फडात काढलेल्या सुट्ट्या ठेवल्या. कॉपीराइट नोंदवल्याचं लिहू नका, हौशीपणा दिसतो. हीच कादंबरी आधी मराठीत छापून आली असेल तर मात्र ते लिहाच, शिवाय इंग्रजी अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत तेही. आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाशी बोलतो, त्यामुळे जुन्या करारात काय लिहिलंय हे पुष्कळांनी पाहिलेलंच नसतं.

हे सगळं मिळून ३०० शब्दांच्या आसपास. पत्र एजंटच्या नावानेच जाऊ द्या, ‘डिअर सर/मॅडम’ नको. न मागता जोडलेली फाइल बहुतेक जण उघडत नाहीत. कादंबरीची पहिली पानं मागितली असतील तर मेलमध्येच चिकटवा. बरेच जण आता क्वेरीमॅनेजरच्या ऑनलाइन फॉर्मवरच पत्र घेतात. लंडनची रीत जरा वेगळी, तिथे पत्रासोबत बहुधा पहिली तीन प्रकरणं आणि सिनॉप्सिस मागतात.

एकदम पन्नास जणांना पाठवू नका. आठ-दहा पाठवा आणि थांबा. कोणीच पानं मागितली नाहीत तर पत्र बदला. पानं मागून नकार येत असेल तर पत्र ठीक आहे, पहिली प्रकरणं उघडून बसा. माझ्या उरलेल्या ३२ पत्रांतून तिघांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं. दोघांचा नकार आला, तिसरीकडे ते अजून आहे.

आणि पैसे. एजंट पुस्तक विकल्यावर घेतो, अमेरिकेतल्या विक्रीवर सहसा १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०. मला एकाने तीन तासांत उत्तर पाठवलं, भरभरून कौतुक, आणि शेवटच्या ओळीत ३०० डॉलर ‘वाचन शुल्क’. खरं सांगते, ते कौतुक मी दोनदा वाचलं आणि मग मेल उडवला.