मॅडम, तेवढाच तर आधार आहे

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, कधीही उठून जाता यावं असे. वय 38, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. झोप जरा सुधारली होती, बाकी सगळं तसंच. दिवसाला बारा-चौदा सिगारेटी. डॉक्टर म्हणाले होते, सोडा. तिथेच गाडी अडली होती.

"मॅडम, तेवढाच तर आधार आहे. तोही काढून घेतला आणि डिप्रेशन वाढलं तर?"

ही भीती मी वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकते. घरचेही म्हणतात, आधी मन ताळ्यावर येऊ दे, सिगारेटचं मग बघू. बोलणं मायेचं असतं, पण त्या 'मग'ची तारीख उजाडत नाही.

मी त्यांना विचारलं, सकाळी उठल्यावर कसं वाटतं?

"छातीवर दगड ठेवल्यासारखं."

आणि पहिली सिगारेट ओढल्यावर?

"दगड जरा सरकतो."

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्रभर ते उतरत जातं आणि सकाळी चिडचिड, उदासी, अस्वस्थता घेऊन माणूस उठतो. म्हणजे तो दगड सरकवणारी सिगारेट निदान काही अंशी तो ठेवणारीही असते. त्यांचं नैराश्य खरंच होतं, ते सगळं निकोटीनच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता. पण 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सिगारेट सोडलेल्यांचं नैराश्य आणि चिंता न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाली होती, आधीपासून मानसिक आजार असलेल्यांचीही. हे सांगताना पुढचंही सांगावं लागतं: पहिले दोन ते चार आठवडे जड जातात. ते लपवून नुसतं 'सोडा, बरं वाटेल' म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

अ‍ॅपची कल्पना त्यांचीच. शिफ्ट बदलत राहते, दर आठवड्याला रजा मिळत नाही, "आणि रात्री साडेअकराला तलफ येते तेव्हा तुम्ही नसता." एक फुकटचं अ‍ॅप त्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं. मी खूश होऊन होकार दिला. ते उघडून मात्र पाहिलं नाही. ही चूक माझी.

अ‍ॅपने पहिलाच प्रश्न विचारला, रोज किती पाकिटं? हे गृहस्थ पाकीट कधी घेतच नाहीत. चहाबरोबर टपरीवर सुट्टी सिगारेट. सुट्ट्या विक्रीला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, पण ती बातमी अजून टपरीपर्यंत पोचायची आहे. त्यामुळे 'वाचलेले पैसे' पहिल्या दिवसापासून चुकलेले. ते चाललं असतं. खरी अडचण होती दिवस मोजणाऱ्या आकड्याची.

आठ दिवस नीट गेले. नवव्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर त्यांनी एक सिगारेट ओढली आणि प्रामाणिकपणे नोंदवली. पडद्यावरच्या 8 चा 0 झाला. त्या रात्री त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पाकीट विकत घेतलं. पुढच्या दोन भेटींना आले नाहीत.

आले तेव्हा म्हणाले, "मशीननेच सांगितलं ना, शून्य."

एरवी कुणी त्या शून्याला शिवी हासडून पुढे गेला असता. नैराश्यातल्या माणसाला ते शून्य पुराव्यासारखं दिसतं. आपण कशातच टिकत नाही हे त्याचं मन वर्षभर सांगतच असतं, आता मोबाईलनेही सही केली.

मी विचारलं, तुमच्या लाइनवर नऊ पीसमधला एक आउट निघाला तर काय करता? सगळे स्क्रॅप?

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "असं कोण करतं? लॉट होल्ड करायचा, तो पीस बाजूला काढायचा, मग वाय-वाय. म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारत जायचं."

मग करू या की वाय-वाय, म्हटलं. सिगारेट का ओढली? टपरीवर थांबलो. का थांबलात? लगेच घरी जायचं नव्हतं. का? बराच वेळ गप्प. "घरी सगळे झोपलेले असतात. अंधारात मोबाईल घेऊन बसायचं आणि डोक्यात चक्र सुरू." म्हणजे दोष सापडला होता तो रात्री साडेअकरा ते साडेबाराच्या तासात.

त्या दिवशी अ‍ॅप आम्ही दोघांनी मिळून उघडलं. दिवसांचा आकडा लपवायची सोय होती, लपवला. सूचना बंद केल्या, कारण फोन चार्जिंगला असताना 'तलफ आलीय का?' हे त्यांच्या आईने वाचलं होतं आणि घरात प्रश्नोत्तरं झाली होती. ठेवली फक्त नोंदवही: वेळ, जागा, तलफ दहापैकी किती, त्याऐवजी काय केलं. आणि त्या तासासाठी एक काम आधीच ठरवून ठेवायचं, मन लागो न लागो, करायचं. नैराश्यात उत्साहाची वाट बघत बसलं तर तो येत नाही. हात आधी हलवावे लागतात, मन मागून येतं.

पुढच्या वेळची एक नोंद मी उतरवून घेतली आहे: '11.50, ओटा, तलफ 8. मेथी निवडली. 12.10, तलफ 3.' सकाळच्या डब्याची मेथी. बायकोला आधी वाटलं, नोकरी गेली की काय.

तलफ दाबायची नाही, येऊ द्यायची, बघायची, ती ओसरते. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने याच विचारावर 'आयकॅनक्विट' नावाचं अ‍ॅप बेतलं. 2020 साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात 2,415 जण होते. वर्षभराने या अ‍ॅपवाल्यांपैकी 28 टक्के सिगारेटपासून दूर होते, नेहमीच्या पद्धतीच्या अ‍ॅपवाल्यांपैकी 21 टक्के. फरक मोलाचा आहे. पण शंभरातल्या बहात्तरांना तेवढ्याने जमलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

म्हणून बाकीची जोड लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम सुरू केला आणि साध्या च्युइंगमसारखा चघळून उचक्या लावून घेतल्या. तो थोडा चावायचा, झणझणला की गालात दाबून ठेवायचा, आणि आधी पंधरा मिनिटं चहा नाही. चहाचं आणखी एक. धूर बंद झाला की शरीरातून कॅफीन हळू बाहेर पडतं, तेवढाच चहा जास्त चढतो. त्यांना धडधडायला लागलं आणि वाटलं, डिप्रेशन गेलं नि एंग्झायटी आली. सात कटिंग होते, चारवर आणले. मानसिक आजारांवरच्या ओलान्झापीन, क्लोझापीनसारख्या काही औषधांचंही तसंच होतं, रक्तातलं प्रमाण वाढतं. सोडायची तारीख ठरली की ती डॉक्टरांना आधी कळवावी.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. गम सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री त्यांनी अ‍ॅपमध्ये मूड 1 भरला, म्हणजे अगदी तळाचा. अ‍ॅपने आभार मानले, नोंद केल्याबद्दल. भेटीत मी सरळ विचारलं, जगू नये असं वाटतं का? "कधी कधी. नसलो तर बरं." त्यांच्यासमोरच मी मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला, संध्याकाळी त्यांना तिकडे नेलं, औषध बदललं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घातला. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता पाचवा महिना आहे. मध्ये दोनदा घसरले, दोन्ही वेळा वाय-वाय लिहून आणला. मागच्या भेटीत त्यांनी स्वतःचं काही काढलंच नाही. लाइनवरचा एक ऑपरेटर, घरी कुणीतरी गेलंय, तेव्हापासून तळहातावरची तंबाखू मळणं थांबतच नाही. त्याच्यासाठी ते अ‍ॅप शोधत होते.

"सगळी विचारतात किती सिगारेटी. तंबाखू-चुन्याला खानाच नाही, मॅडम."

भारतात धूर काढणाऱ्यांपेक्षा चघळणारे दुप्पट आहेत: 2016-17 च्या सर्वेक्षणात 10.7 टक्के विरुद्ध 21.4. मी त्यांना 1800-11-2356 हा हेल्पलाइनचा क्रमांक लिहून दिला, पाकिटावर छापलेला असतो तोच, तंबाखू सोडायलाही चालतो. त्यांनी चिठ्ठी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, लायटर ठेवायचे त्याच खिशात, आणि फर्स्ट शिफ्ट आहे म्हणून लवकर निघाले.