खुर्चीवरचा डान्स कॉपी ठरला, आता कोरिओग्राफर होता येईल का?

प्रश्न: मॅडम, मी इचलकरंजीची, बीकॉम सेकंड इयरला आहे. युवा महोत्सवात कंटेम्पररी सोलो केला, त्यात यूट्यूबवर बघितलेल्या एका बेल्जियन ग्रुपच्या खुर्चीवरच्या स्टेप्स घेतल्या होत्या, साधारण 40 सेकंद. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, ही सरळ कॉपी आहे. घरी यंत्रमाग आहेत, आई कांड्या भरते, ती म्हणते आता पुरे झाला नाच. माझ्यात ओरिजिनल काही नसेल तर कोरिओग्राफर व्हायचं डोक्यातून काढून टाकू का?

उत्तर: अगं, काढून बिढून काही टाकू नकोस. परीक्षक म्हणाले ते खरं आहे, पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, वाचताना मलाच लागलं ते.

तू घेतलेला तुकडा बेल्जियन कोरिओग्राफर आन तेरेसा द किर्समाकरच्या 'रोसास डान्स्ट रोसास' या नाचातला आहे, 1983 चा, आणि तो केला तेव्हा ती तुझ्याहून फार मोठी नव्हती, जेमतेम बावीस-तेवीसची. आता तो व्हिडिओ आवाज बंद करून परत बघ. चार बायका खुर्च्यांवर बसल्यात, एक केसांतून हात फिरवते, शर्ट खांद्यावरून खाली ओढते, परत वर घेते, पायावर पाय टाकते, एकदम पुढे वाकते. यातली एक तरी हालचाल नवीन आहे का? एसटी स्टँडवर बसलेली कुठलीही बाई हे करते. तिचं स्वतःचं काय, तर कुठली हालचाल किती वेळा परत येणार, कुठे चौघी एकत्र आणि कुठे एकच जण सुटणार, कुठे श्वासाचा आवाज ऐकू येणार, हा सगळा हिशोब. तू हालचाली उचलल्यास पण तो हिशोब काही उचलला नाहीस, म्हणून तो तुकडा तुझ्या सोलोत ठिगळासारखा दिसला असणार.

हे फक्त तुझ्याच बाबतीत झालंय असं नाही हं. 2011 मध्ये अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या 'काउंटडाउन' गाण्याच्या व्हिडिओत याच नाचातले भाग जवळजवळ तसेच आले, द किर्समाकरने जाहीर आक्षेप घेतला, मग बियॉन्सेने तो नाच आपल्या अनेक प्रेरणांपैकी एक असल्याचं मान्य केलं. पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त आवडते. 2013 मध्ये नाचाला 30 वर्षं झाली तेव्हा द किर्समाकरच्या कंपनीने त्याच खुर्चीवरच्या स्टेप्स शिकवणारे व्हिडिओ नेटवर टाकले आणि जगाला सांगितलं, शिका, तुमची व्हर्जन करून आम्हाला पाठवा. म्हणजे स्टेप्स त्याच, पण एकदा न विचारता घेतल्या आणि एकदा तिनेच हातात दिल्या आणि सगळ्यांना माहीत होतं कुणाच्या आहेत, सगळा फरक तिथेच पडला.

आपल्याकडे तर हे जुनंच आहे की. कथकमध्ये वर्षानुवर्षं गुरूच्या हाताची, मानेची हुबेहूब नक्कल करूनच शिकतात, त्याला कुणी चोरी म्हणत नाही, पण मैफलीत तोच तुकडा सादर करताना माइकवर सांगतात, ही रचना अमक्या गुरूंची. पुण्याच्या कथक नर्तिका रोहिणी भाटेंनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे असंच घोटून घेतलं आणि त्या जोरावर पुढे स्वतःच्या रचना बांधल्या. तेव्हा वर्गात खुशाल कॉपी कर, भरपूर कर. प्रोग्रॅमला मात्र मूळ नाव सांगायचं आणि जमेल तिथे परवानगी घ्यायची, हे आत्तापासून अंगवळणी पाड. कायद्याचंही माहीत असू दे, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरलीय, फक्त ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे नोंदवलेली हवी, म्हणून उद्या तुझ्या रचना तू काउंटसकट वहीत उतरव, तारीख टाक.

आता तुझा होमवर्क. तू लिहिलंयस की घरात यंत्रमाग आहेत आणि आई कांड्या भरते. आठवडाभर फक्त तिचे हात बघ. धागा तुटला की बोटं कुठे जातात, कुठला हात थांबतो, मान कधी वळते. त्यातल्या तीनच हालचाली घे, आठ काउंटात बसव, दहा वेळा तशाच कर, मग एक काढून टाक, एकीचा वेग अर्धा कर. गॅदरिंगला करतात तसा 'विणकर थीम डान्स' करू नकोस गं, साडी नको, धोटा नको. द किर्समाकरकडून घ्यायचंच असेल तर ही रीत घे.

आणि बीकॉम पूर्ण कर, एकच वर्ष राहिलंय, आईलाही धीर येईल. तोवर रोजचा रियाज आणि जवळपास कथक किंवा भरतनाट्यमचा चांगला वर्ग मिळाला तर तो लाव, पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याचं रीतसर शिक्षण घेता येतं, कंटेम्पररीच करायचं असेल तर बंगळुरूच्या अट्टकलरी या कंटेम्पररी नृत्यसंस्थेची चौकशी कर. पहिली काही वर्षं बहुतेक दुसऱ्या कोरिओग्राफरला असिस्ट करण्यात आणि मुलांचे क्लास घेण्यात जातात, पैसे तिथूनच येतात, हे आईला आधीच स्पष्ट सांग.

त्या सोलोची रील इन्स्टावर टाकली असशील तर खाली द किर्समाकरचं नाव आजच लिही. आणि आईच्या हातांवरचा तुकडा झाला की मला पाठव, गाणं न लावता पाठव, मागे मागांची खटखट असली तरी चालेल.